इंग्लंडमधील तंबाखूची घरगुती लागवड

सतराव्या शतकात इंग्लंडमधील लहान शेतकरी व मजूर यांनी परसबागांत आणि खंडाने घेतलेल्या लहान तुकड्यांवर केलेली तंबाखूची लागवड. तिचे मुख्य केंद्र ग्लॉस्टरशर परगण्यातील विंचकम हे होते. बंदी असूनही ती सु. ७० वर्षे टिकून राहिली.

तंबाखूचे बी अतिशय बारीक असते. एका ग्रॅममध्ये १०,००० हून अधिक बिया भरतात. म्हणून ते प्रथम वाफ्यात विरळ पेरून रोपे तयार करतात व सु. दीड-दोन महिन्यांनी ती अन्यत्र लावतात. पुढे शेंडे खुडणे, फुटवे काढणे, पाने तोडून सुकविणे ही कामे हातांनीच करावी लागत. शेंडा न खुडता राखलेल्या एक-दोन झाडांपासून पुढील हंगामाचे बी मिळे. जमीन थोडी व मेहनत पुष्कळ, अशा या पिकाचा लाभ केवळ अंगमेहनतीवर जगणाऱ्या कुटुंबांना विशेष झाला.

जॉन स्ट्रॅटफर्ड याने १६१९ मध्ये भागीदारांसह विंचकम येथे तंबाखूची मोठी लागवड केली. तथापि व्हर्जिनिया वसाहतीचा निर्वाह तंबाखूवरच चाले आणि आयात मालावरील जकातीचे उत्पन्न राजास हवे होते. त्यामुळे पहिल्या जेम्सने ३० डिसेंबर १६१९ रोजी जाहीरनामा काढून देशी लागवडीस मनाई केली. स्ट्रॅटफर्ड पुढे जवसाकडे वळला; गरीब लागवडदारांनी मात्र हे पीक सोडले नाही.

राजेशाही संपुष्टात आल्यावरही धोरण बदलले नाही. संसदेने १६५२ मध्ये कायद्याने पुन्हा बंदी घातली. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दीतील १६६० च्या कायद्याने दर चौरस रॉडमागे (सु. २५ चौ. मी.) ४० शिलिंग दंड ठरविला. औषधी वनस्पतींच्या बागांना तेवढी अर्ध्या चौरस रॉडपर्यंत सूट होती. १६६३ मध्ये दंड आणखी वाढविण्यात आला. उभी पिके नष्ट करण्यासाठी सैनिकही पाठविले जात. विंचकम येथे राजाचे रक्षकदल याच कामासाठी गेल्याचा उल्लेख सॅम्युएल पीप्सच्या १६६७ मधील रोजनिशीत आढळतो.

१६९० च्या सुमारास ही लागवड मागे पडली. सततच्या नासधुशीबरोबरच व्हर्जिनिया व मेरिलंड येथील तंबाखूचे उतरलेले भाव हेही तिचे एक कारण होते. राज्याचा महसूल आणि वसाहतींचे हित यांपुढे ग्रामीण गरिबांच्या उपजीविकेचे साधन कसे गौण ठरले, याचे हे ठळक उदाहरण होय.