दुसऱ्या खेपेच्या तबकड्या

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा म्हणून जो आवाज आपण सारे ओळखतो, तो साठी ओलांडलेल्या माणसाचा आवाज आहे. गोष्ट साधी आहे, पण त्यांच्या गाण्याविषयी मराठीत जे लिहिले-बोलले गेले त्यात ती क्वचितच हिशेबात घेतलेली दिसते. खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा, कैराना गावचा. १९०४-०५च्या सुमारास त्यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी काही तबकड्या दिल्या, आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे ते ध्वनिमुद्रणापासून दूरच राहिले. मग १९३४च्या सुमारास ओडियन या जर्मन छापाच्या कंपनीसाठी त्यांनी पुन्हा गायला सुरुवात केली. १९३७च्या ऑक्टोबरात ते गेले. झिंझोटी, भैरवी, जोगिया, वसंत, मालकंस असे जे काही आपल्या कानांत खाँसाहेबांच्या नावाने साठलेले आहे, ते जवळजवळ सगळे या अखेरच्या तीन-चार वर्षांतले.

एखाद्या कवीचा पहिला संग्रह विस्मरणात जावा, तीस वर्षांनी दुसरा यावा, आणि त्या दुसऱ्यावरूनच त्याची संपूर्ण प्रतिमा ठरावी, असा हा प्रकार आहे. साहित्याच्या इतिहासात असे झाले असते तर आपण पहिल्या संग्रहाकडे वळल्यावाचून राहिलो नसतो. गाण्याच्या बाबतीत मात्र वळलो नाही.

पहिल्या खेपेतले गाणे ऐकताना प्रथम धक्का बसतो. हा गवय्या तिशीतला आहे. तो वेगाने, आत्मविश्वासाने, काहीशा दिमाखातही गातो. ताना चपळ आहेत, एकीतून दुसरी निघते, आणि आळवणे वगैरे म्हणतात ते फारसे नाहीच. त्याला कारणेही होती. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून जवळजवळ ओरडायचे आणि त्या हवेच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. मंद्रातला हलका स्वर, मींडेतला बारीक थरथराट कर्ण्याला पकडताच येत नसे. शिवाय वेळ दोन-तीन मिनिटांचाच, तेव्हा तेवढ्यात आपली सारी विद्या दाखवण्याची घाई होणे साहजिक. आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. त्या काळातल्या तबकड्यांच्या फिरण्याचा वेग कसोशीने ठरलेला नसे. आज त्या सरसकट मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजवल्या तर आवाज मुळापेक्षा चढा आणि ताना मुळापेक्षा जलद ऐकू येण्याचा संभव असतो. म्हणून ‘तरुणपणचे खाँसाहेब’ असा निर्वाळा देतानाही थोडे थबकावे लागते. पण वेगाचा हिशेब वजा केला तरी गाण्याची वृत्ती निराळी आहे, हे उरतेच.

दुसऱ्या खेपेच्या वेळी विजेवरचे ध्वनिमुद्रण आले होते. मायक्रोफोनपुढे ओरडावे लागत नव्हते. खाँसाहेबांचा आवाज मुळातच भरदार नव्हे. तो बारीक, टोकदार, किंचित नाकात जाणारा, आणि गळा अर्धवट मिटून लावलेला. मोठ्या मंडपात असा आवाज मागच्या रांगेपर्यंत कितपत पोहोचत असेल याची शंका यावी, पण मायक्रोफोनला तो जणू मानवला. स्वर लागण्याच्या आधीचा श्वास, एका स्वरावरून दुसऱ्यावर उतरतानाचा लांबलेला क्षण, तार षड्जावरचा तो न हलणारा ठहराव, हे सगळे प्रथमच तबकडीवर उतरले. तानाही आहेत, पण ऐकणाऱ्याला त्या आठवत नाहीत.

श्रोत्यांचे मत बनले ते इथे. हे गाणे करुण आहे, आर्त आहे, त्यात विरह आहे, हा अभिप्राय इतका एकमुखी आहे की तो अभिप्राय आहे हेच आपण विसरतो. तो गाण्याचा गुणधर्म वाटू लागतो. गदगच्या मुलखात वाढणारे भीमसेन जोशी झिंझोटीतल्या त्या ठुमरीची तबकडी ऐकून असे गाणे आपल्याला यायलाच हवे या ओढीने घराबाहेर पडले, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. बालवयातले कुमार गंधर्व थोरामोठ्यांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवत, त्यात खाँसाहेबांच्याही असत. या दोन मुलांचे ऐकणे मला फार महत्त्वाचे वाटते. बैठकीतला श्रोता एकदा ऐकतो आणि आठवणीवर जगतो. ही मुले तेच तीन मिनिटांचे गाणे, त्याच जागेवरच्या त्याच हरकतीसह, हवे तितक्या वेळा ऐकू शकत होती. गाणे प्रथमच संहितेसारखे स्थिर झाले. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते या पिढीपुरते या तबकड्यांनीच आखले.

आता या करुणेचा उगम कुठे शोधायचा? आपल्याकडे त्याचे उत्तर बहुधा चरित्रात शोधले जाते. बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या ताराबाई माने खाँसाहेबांबरोबर निघून आल्या, संसार झाला, पाच मुले झाली. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि ती मुले पुढे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे अशा नावांनी, बापाचे नाव न लावता, मोठी झाली. हे दुःख खरेच आहे, त्याविषयी हलकेपणाने बोलण्याचे कारण नाही. त्यात भर पडली मृत्यूची. पाँडिचेरीला जाताना २७ ऑक्टोबर १९३७ रोजी सिंगपेरुमलकोइलसारख्या एका लहान स्टेशनावर खाँसाहेबांनी देह ठेवला, आणि मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. त्यानंतर ज्याने ज्याने तबकडी लावली, त्याने ती निरोपाचे गाणे म्हणूनच ऐकली. असे ऐकणे मानवी आहे. पण समीक्षा म्हणून ते लंगडे आहे. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बजावणारे आपण, गायकाच्या बाबतीत मात्र चरित्र आणि स्वर यांच्यात बिनदिक्कत बरोबरीचे चिन्ह घालतो.

याहून जवळचे एक उत्तर कृष्णाकाठीच आहे. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ, ज्यांना ‘भूगंधर्व’ म्हणत, ते आयुष्याच्या उत्तरार्धात विष्णुपंत छत्र्यांच्या आश्रयाने या भागात राहिले. छत्रे म्हणजे सर्कसवाले. ते अंकलखोपचे, आणि स्वतः हद्दू खाँकडे गाणे शिकलेले. सर्कशीच्या तंबूबरोबर हिंडणारा हा अफूच्या आहारी गेलेला थोर गवय्या १९२२ साली कुरुंदवाडला वारला. (ताराबाई गेल्या तेच साल. योगायोगच, पण चरित्रकाराला मोहात पाडणारा.) त्यांच्या थोड्या तबकड्या उपलब्ध आहेत. त्यांतला उंच, नाकातून झिरपणारा, तार सप्तकात तरंगत राहणारा स्वर ऐकला की खाँसाहेबांची दुसरी खेप कुठून आली हे सांगावे लागत नाही. ‘जमुना के तीर’ ही भैरवीसुद्धा रहिमत खाँनी आधी गायलेली आहे. म्हणजे ज्याला आपण एका माणसाच्या हृदयाची वेदना समजतो, ती बऱ्याच अंशी एक शैली आहे, एका गवय्याने दुसऱ्याकडून कानाने उचललेली, तीस वर्षे मुरवलेली आणि मग आपली केलेली. मिरज-कुरुंदवाडच्या ज्या जुन्या रसिकांनी दोघांनाही समोर बसून ऐकले होते, त्यांना ओडियनच्या तबकड्यांत रहिमत खाँ ऐकू येत असणार. दूरच्या श्रोत्याला तो संदर्भच नव्हता. त्याला केवळ दुःख ऐकू आले.

याच टापूत आणखी एक कान होता, आणि तो रडणारा नव्हे, मोजणारा. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेबांना गायला लावून श्रुतींची अंतरे तारेवर मोजली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढले. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतींची पेटी तयार झाली, ती १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली, आणि भातखंड्यांना ती मुळीच पटली नाही. वादात कोण बरोबर होते हा भाग सोडू. मला लक्षणीय वाटते ते हे, की देवलांसाठी खाँसाहेबांचा गळा हे विश्वासार्ह साधन होते, करुणेचा झरा नव्हे. तोच कोमल ऋषभ एकाला आकडा वाटला आणि दुसऱ्याला हुंदका.

वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) किराण्याला स्वराच्या टोकाला आणि आग्ऱ्याला लयीच्या टोकाला बसवले, आणि दोन्हींचा समतोल जयपूरकडे दिला. पुस्तक मोठे आहे, त्याचा दबदबाही रास्त आहे. तरीही किराण्यात लयीकडे दुर्लक्ष हा जो समज त्यातून रूढ झाला, त्याला निदान खाँसाहेबांपुरता पहिल्या खेपेचा पुरावा विरोध करतो. आणि दुसऱ्या खेपेतही सगळे विरहाचेच नाही. म्हैसूर दरबारच्या वाऱ्यांत ऐकलेली त्यागराजांची कृती त्यांनी तबकडीवर गायली, कर्नाटकी धर्तीची सरगम गायली, खाडिलकरांच्या ‘मानापमाना’तले देवगांधारातले पद गायले. एका उत्तरेकडच्या मुसलमान उस्तादाने तेलुगू कृती आणि मराठी नाट्यपद एकाच बैठ्या वृत्तीने गावे, या धाडसाबद्दल श्रोत्यांनी फारसे मत दिलेच नाही. करुणरसाचा शिक्का बसल्यावर बाकीचे दिसेनासे होते.

साताऱ्याला एम.ए.च्या वर्गात रससिद्धांत शिकवताना मी एकदा दोन्ही खेपांतली एकेक तबकडी, गायकाचे नाव न सांगता, ऐकवली. झिंझोटी ओळखणारे दोघे-तिघे निघाले. त्यांनी लगेच ‘करुण’ असे वहीत लिहिले. १९०५च्या तबकडीवर एका मुलीचे म्हणणे पडले की हा कोणीतरी नाटकातला गाणारा असावा, आणि एकाने ‘वीर’ लिहिले. दोन्ही एकाच माणसाची आहेत हे सांगितल्यावर वर्गात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, “सर, मग त्यांचं खरं गाणं कोणतं?”

मी त्यांना मिरजेच्या उरुसाबद्दल सांगितले. दर्ग्यात दरवर्षी खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते; तंबोरेही तिथलेच, ज्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे बसलेल्या रसिकांपैकी खाँसाहेबांना समोर ऐकलेला आज कोणी नाही. गाणाऱ्याने झिंझोटी काढली की ज्या जागेवर दाद येते, ती जागा ओडियनच्या तबकडीवरची असते.