अमेरिकेतील अर्भकमृत्यू : वीस वर्षांनंतर वाढ, वंशीय दरी कायम

जिवंत जन्मलेल्या दर एक हजार बालकांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांच्या संख्येला अर्भक मृत्युदर म्हणतात. रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या (सीडीसी) नोव्हेंबर २०२३ मधील प्राथमिक अहवालानुसार अमेरिकेत हा दर २०२१ मधील ५.४४ वरून २०२२ मध्ये ५.६० झाला. २००२ नंतरची ही पहिलीच लक्षणीय वाढ होती. एका वर्षात वीस हजारांहून अधिक अर्भके दगावली. जॉर्जिया, आयोवा, मिसुरी आणि टेक्सास या राज्यांत वाढ ठळक होती.

कोणाला किती धोका?

२०२२ मध्ये श्वेतवर्णीय मातांच्या अर्भकांचा मृत्युदर ४.५२, तर कृष्णवर्णीय मातांच्या अर्भकांचा १०.८६, म्हणजे दुपटीहून अधिक होता. अमेरिकी आदिवासी व अलास्कातील मूलनिवासींमध्ये तो एका वर्षात ७.४६ वरून ९.०६ वर गेला.

कारणे

जन्मजात व्यंग, अकाली प्रसूती व कमी वजन, झोपेतील आकस्मिक मृत्यू, अपघाती इजा आणि गर्भारपणातील गुंतागुंत ही अर्भकमृत्यूची प्रमुख कारणे आहेत. २०२२ मध्ये गर्भारपणातील गुंतागुंत व जंतुसंसर्गाने रक्तात होणारा सेप्सिस यांमुळे होणारे मृत्यू वाढले.

दरी कशामुळे?

या तफावतीचे मूळ आनुवंशिकतेत असावे, असा समज दीर्घकाळ होता. रिचर्ड डेव्हिड व जेम्स कॉलिन्स या डॉक्टरांनी १९९७ मध्ये इलिनॉय राज्यातील जन्मनोंदींच्या आधारे तो तपासला. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे वजन अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांपेक्षा श्वेतवर्णीयांच्या बाळांशी अधिक जुळणारे आढळले. केवळ गरिबीनेही या दरीचा उलगडा होत नाही. उच्चशिक्षित कृष्णवर्णीय मातांच्या अर्भकांनाही धोका अधिक असतो. आयुष्यभर सोसलेल्या भेदभावाचा ताण शरीर झिजवतो, अशी मांडणी संशोधक आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये केली.

उपाय

अमेरिकेतील सुमारे चाळीस टक्के प्रसूतींचा खर्च ‘मेडिकेड’ ही सरकारी योजना उचलते. तिचे संरक्षण प्रसूतीनंतर ६० दिवसांऐवजी वर्षभर देण्याची मुभा २०२१ च्या कायद्याने राज्यांना दिली. मात्र अर्भकाच्या जिवाचा धोका आईच्या गर्भारपणातील, किंबहुना त्याआधीच्या प्रकृतीशीही निगडित असल्याने केवळ प्रसूतीनंतरचे संरक्षण ही दरी बुजवण्यास पुरेसे नाही.