संबद्धतेची व्याख्या आणि मुंबईचे दोन टीकाकार

पुराव्याच्या कायद्याचे अध्यापन आपल्याकडे बहुधा कलमांच्या क्रमाने चालते. वादतथ्ये व संबद्ध तथ्ये यांखेरीज अन्य कशाचाही पुरावा देता येत नाही, हा नियम विद्यार्थी प्रथम पाठ करतो. मग संबद्धतेचे प्रकार एकामागून एक शिकतो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाचा कर्ता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याला ही पद्धती अभिप्रेत नव्हती. अधिनियमाच्या जोडीने त्याच वर्षी त्याने जे विवेचन प्रसिद्ध केले, ते इंग्लंडात तयारी करणारे मुलकी अधिकारी आणि हिंदुस्थानातील विद्यापीठांचे कायद्याचे विद्यार्थी यांना समोर ठेवून. त्यात कलमांचा अर्थ लावण्यापेक्षा तर्कशास्त्राची चर्चाच अधिक आहे. जॉन स्टुअर्ट मिलच्या विगमनपद्धतीचा आधार घेऊन स्टीफन पामरच्या १८५६ मधील विषप्रयोगाच्या खटल्यासारखे इंग्रजी खुनाचे खटले तपासतो आणि एका तथ्यावरून दुसऱ्याचे अनुमान कसे निघते ते दाखवितो.

याज्ञवल्क्याने लेख, भुक्ति व साक्षी अशी प्रमाणे सांगितली. म्हणजे प्रमाणांच्या जाती सांगितल्या. स्टीफनचा प्रश्न निराळा होता. तथ्या-तथ्यांमधील कोणते नाते न्यायालयाने मानावे? कार्यकारणाचे, असे त्याचे थोडक्यात उत्तर. सहा ते अकरा ही कलमे या उत्तराचाच विस्तार होत. लुटीपूर्वी फिर्यादीने जत्रेत पैसे दाखविले होते, किंवा खुनाच्या जागी झटापटीच्या खुणा आढळल्या, ही त्यांतली उदाहरणे अजूनही वर्गात रंगतात.

मात्र तिसऱ्या कलमातील व्याख्या पाहिली म्हणजे अडचण ध्यानात येते. पुढील कलमांत सांगितलेल्या कोणत्याही प्रकारे जोडलेले ते संबद्ध, असे ती म्हणते. ही खरी पाहता व्याख्या नव्हे, यादी होय. आणि यादीतील अकरावे कलम तर वादतथ्य अतिशय संभवनीय वा असंभवनीय करणाऱ्या प्रत्येक तथ्याला दार उघडते. अधिनियम लागू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, १८७४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रेमंड वेस्ट यांनी त्यावर बोट ठेवले. हे शब्द इतके व्यापक आहेत की अनुमानांची साखळी लांबवीत नेल्यास कोणतेही तथ्य त्यांत बसविता येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. वेस्ट हे ब्यूलरसमवेत हिंदू धर्मशास्त्राचा संग्रह सिद्ध करणारे आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले विद्वान; त्यांची शंका केवळ कज्जाच्या सोयीपुरती नव्हती. मराठीतील 'संबद्ध' या शब्दानेही हीच गफलत होते. संबंध कसलाही असू शकतो; न्यायालयाला हवा असतो तो सिद्ध करणारा संबंध.

पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ याने संबद्धतेच्या उपपत्तीवर एक पुस्तिका मुंबईत छापली. (हाच व्हिटवर्थ पुढे १८८५ मध्ये अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश करणारा, शब्दांच्या सैलपणाविषयी त्याला उपजतच चीड असावी.) स्टीफनने ही टीका मनावर घेतली, हे त्याच्या मोठेपणाचेच लक्षण. इंग्लंडच्या कायद्याचा संक्षेप त्याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा आपली कलमे काही ठिकाणी फार सैल, तर काही ठिकाणी अपुरी होती, हे व्हिटवर्थचे नाव घेऊन त्याने मान्य केले. नव्या व्याख्येत कार्यकारणाची जागा घटनांच्या सामान्य क्रमाने घेतली: त्या क्रमानुसार एक तथ्य, एकटे वा इतरांसह, दुसऱ्याचे अस्तित्व सिद्ध वा संभवनीय करीत असेल तर ते संबद्ध.

तथापि हा संक्षेप खासगी ग्रंथ होता. विधिमंडळाने त्याला हात लावला नाही. परिणाम असा की, कर्त्याने स्वतः टाकून दिलेली मांडणी हिंदुस्थानात कायदा म्हणून राहिली, आणि परीक्षार्थी तीच निर्दोष समजून लिहीत आले. तिला आवर घालण्याचे काम न्यायनिर्णयांवर पडले. अकराव्या कलमाच्या आडून ऐकीव पुरावा आत येऊ नये, यासाठी न्यायालयांनी निर्णयांतून ज्या मर्यादा घातल्या, त्या कलमाच्या शब्दांत कोठेही नाहीत. केवळ कलम वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्या दिसणार कशा?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलात आला. जुन्या १६७ कलमांची १७० झाली. सहा ते अकरा ही कलमे चार ते नऊ या क्रमांकांखाली बव्हंशी जशीच्या तशी आहेत. जुन्या अकराव्या कलमाच्या पहिल्या उदाहरणात आरोपीवर कलकत्त्यातील गुन्ह्याचा आरोप असे आणि तो त्या दिवशी लाहोरास असे. नव्या नवव्या कलमात गुन्हा चेन्नईस घडतो आणि आरोपी लडाखमध्ये असतो.