परदेशात एटीसीची नोकरी : कोणाला मिळते, कशी मिळते आणि पैसे कुठे बुडतात

मागच्या महिन्यात गावातल्या एका पोराने मोबाईलवरचा मेसेज दाखवला. ‘आखाती देशात एटीसीची भरती, बारावी पास चालेल, पगार तीन लाख, फाईल चार्ज फक्त ६० हजार.’ त्याचे बाबा धान विकून पैसे भरायला निघाले होते. मेसेज खोटा होता. पण नोकरी खरी आहे, आणि तिचा रस्ता आपल्या गोंदियातून जातो. म्हणून ही माहिती.

काम काय असतं?

एटीसी म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल, आणि हे काम करणारा तो कंट्रोलर. विमान पायलट चालवतो, पण किती उंचीवर जायचं, कोणत्या दिशेने वळायचं, कधी उतरायचं हे जमिनीवरून कंट्रोलर सांगतो. दोन विमानं एकमेकांवरून जात असतील तर त्यांच्यात निदान १,००० फुटांचं अंतर ठेवावं लागतं. मुंबईहून मस्कतला निघालेलं विमान अरबी समुद्रावर पुढे गेलं की मुंबईचा कंट्रोलर ते मस्कतच्या कंट्रोलरकडे सोपवतो. हे सगळं बोलणं इंग्रजीत चालतं.

इंग्रजी समजलं नाही तर काय होतं ते आपल्या देशाने पाहिलंय. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाकस्तानची विमानं हवेत धडकली. ३४९ माणसं गेली. कझाक विमानातल्या लोकांचं इंग्रजी कच्चं असल्याचा मुद्दा चौकशीत आला. पुढे आयकाओ या जागतिक विमान संघटनेने पायलट आणि कंट्रोलर दोघांनाही इंग्रजी बोलण्याची परीक्षा सक्तीची केली. २००८ पासून तो नियम लागू झाला. सहापैकी किमान चौथी पातळी लागते.

भारतातलं लायसन बाहेर चालतं का?

थेट नाही. गाडीच्या लायसनसारखं हे नसतं. ज्या देशात जाल तिथलं खातं तुमची कागदपत्रं, अनुभव, इंग्रजी आणि तब्येत तपासतं. मग ज्या टॉवरवर किंवा रडार केंद्रावर बसायचं तिथलं वेगळं ट्रेनिंग आणि परीक्षा. त्यात पास झाल्यावरच एकट्याला माईक मिळतो. काम थांबलं तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत तिथली पात्रता संपते, पुन्हा तपासणी द्यावी लागते.

कोणता देश घेतो?

अमेरिकेत हे सरकारी काम आहे. तिथलं नागरिकत्व लागतं आणि नवख्याला वयाच्या ३१ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे आपल्यासाठी दार बंदच समजा. आखाती देशांत, खास करून संयुक्त अरब अमिरातीत, बाहेरचे कंट्रोलर घेतात. ऑस्ट्रेलियानेही घेतले आहेत. पण त्यांना तयार माणूस पाहिजे असतो : चालू लायसन, रडारवरचा काही वर्षांचा अनुभव आणि चांगलं इंग्रजी. बारावी पास पोराला उचलून कोणीही थेट रडारसमोर बसवत नाही.

मग सुरुवात कुठून?

आधी इथे कंट्रोलर व्हा.

१. अकरावी-बारावीत फिजिक्स आणि गणित ठेवा. गणित सोडलं की पुढचा रस्ता जवळपास बंद होतो.
२. फिजिक्स आणि गणित दोन्ही असलेली बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग करा.
३. भारतीय विमानतळ प्राधिकरण ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (एटीसी) ही भरती काढतं. वयोमर्यादा २७ वर्षे, राखीव प्रवर्गांना सवलत. ऑनलाईन परीक्षा, मग आवाज, मानसिक आणि वैद्यकीय तपासणी. मूळ पगार ४० हजारांपासून, भत्ते वेगळे.
४. निवड झाली की ट्रेनिंग प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियातल्या संस्थेत होतं. त्यासाठी बॉण्ड लिहून द्यावा लागतो. नोकरी मध्येच सोडणाऱ्याने तो आधी नीट वाचावा.

मोठ्या पगारासोबत मोठी जबाबदारी

परदेशी कंट्रोलरची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. पीटर नील्सन हा डेन्मार्कचा माणूस स्वित्झर्लंडमध्ये झुरिचच्या केंद्रात कामाला होता. १ जुलै २००२ च्या रात्री तो एकटाच दोन जागा सांभाळत होता. दुसरा कंट्रोलर विश्रांतीला गेला होता, दुरुस्तीमुळे मुख्य फोनही बंद होता. जर्मनीत युबरलिंगेनवर दोन विमानं धडकली आणि ७१ जण गेले. त्यात बरीच लहान मुलं होती. या अपघातात बायको आणि दोन मुलं गमावलेल्या एका माणसाने २००४ मध्ये नील्सनच्या घरी येऊन त्याचा खून केला. २००७ मध्ये कोर्टाने कंपनीच्याच चार जणांना दोषी ठरवलं. चूक एकट्याची नव्हती, पण किंमत परक्या देशात बसलेल्या त्या एकट्याने मोजली.

म्हणून करारावर सही करण्याआधी विचारा : रात्री एका जागेवर किती माणसं असतात? सलग किती तास बसायचं? तिथल्या परीक्षेत नापास झालो तर परतीचं तिकीट कोण देणार? काही घडलं तर वकील कोण देणार? उत्तर लेखी घ्या.

पैसे भरण्याआधी

- परदेशी भरती करणाऱ्या एजंटला केंद्र सरकारचं लायसन लागतं. त्याचं नाव ई-मायग्रेट या सरकारी वेबसाईटवर शोधा. नसेल तर विषय संपला.
- लायसनवाला एजंटसुद्धा ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. पावती घ्या.
- टुरिस्ट व्हिसावर ‘आधी या, मग नोकरी’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.
- ‘आमचा कोर्स करा, एटीसीची नोकरी पक्की’ असं सांगणाऱ्या क्लासला विचारा, नोकरी देणार कोण?

त्या पोराच्या घरचे ६० हजार वाचले. तो आता बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, फिजिक्स आणि गणित घेऊन.