पुदिन्याची काडी आणि मेणबत्ती

पुदिना किती चिवट असतो हे कुंडीत लावणाऱ्याला सांगायला नको. पानं खुडून उरलेल्या काड्या पेल्यातल्या पाण्यात खोचल्या की काही दिवसांत मुळं फुटतात. या काडीला विज्ञानाच्या इतिहासात मानाचं पान आहे. पण शाळेत आपल्याला तिची अर्धीच गोष्ट सांगतात, आणि माझ्या मते उरलेली अर्धी जास्त मजेदार आहे.

आधी शाळेतली अर्धी. इंग्लंडमधल्या लीड्स गावात जोसेफ प्रीस्टले नावाचा एक धर्मोपदेशक होता. हवेवरचे प्रयोग तो घरातच करायचा. प्रयोगाचे उंदीर गारठू नयेत म्हणून त्यांना स्वयंपाकघरातल्या चुलीवरच्या फळीवर ठेवायचा, कारण यॉर्कशरच्या रीतीप्रमाणे ती चूल कधी विझत नसे! (यावर त्याच्या बायकोचं काय मत असेल, याची आपण कल्पनाच केलेली बरी.) बंद भांड्यात मेणबत्ती जळून विझली की त्या हवेत दुसरी मेणबत्ती जळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग जगभर इतक्या चुली पेटतात, इतके प्राणी श्वास घेतात, तरी हवा संपत कशी नाही? हा त्याचा प्रश्न होता.

१७ ऑगस्ट १७७१ रोजी त्याने अशा 'बिघडलेल्या' हवेत पुदिन्याची एक काडी ठेवली. २७ तारखेला पाहतो तर त्याच हवेत मेणबत्ती छान जळली. उन्हाळा संपेपर्यंत त्याने हा प्रयोग आठ-दहा वेळा केला. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. बिघडलेल्या हवेचे त्याने दोन भाग केले, एकात पुदिना ठेवला, दुसरा तसाच शेजारी. पुदिन्याच्या हवेत मेणबत्ती जळली, दुसरीत नाही. मग त्याला शंका आली की ही पुदिन्याच्या वासाची तर करामत नाही? म्हणून त्याने घाणेरड्या वासाचं एक रानगवत लावून पाहिलं. तेही हवा सुधारत होतं! आणि सगळ्यात सरस कोण ठरलं असेल? पालक.

बातमी पसरली. बेंजामिन फ्रँकलिनने त्याला लिहिलं की आता तरी घराजवळची झाडं तोडायचं वेड कमी होईल. १७७३ साली रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं. इथे शाळेचा धडा संपतो.

आता पुढची अर्धी. काही वर्षांनी प्रीस्टलेने तेच प्रयोग पुन्हा केले आणि ते जमेनात. कधी झाड हवा सुधारायचं, कधी चक्क जास्त बिघडवायचं. तिकडे स्वीडनमध्ये शेलेने घेवड्याची रोपं घेऊन पाहिलं, तर त्याच्याकडेही हवा बिघडलीच. म्हणजे पदक मिळालं आणि शोध हातातून निसटायला लागला! प्रीस्टलेची समजूत होती की झाड 'वाढतं' म्हणून हवा सुधारते. त्याच्या त्या पहिल्या लिखाणात दिवस मोजलेले आहेत, ऊन मोजलेलं नाही.

ऊन मोजलं ते यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरने. हा मूळचा ब्रेडा गावचा. १७६८ साली व्हिएन्नाच्या राजघराण्याला देवी टोचून नाव कमावलेला. १७७९ च्या उन्हाळ्यात त्याने लंडनजवळ एक घर घेतलं आणि तीन महिन्यांत पाचशेच्या वर प्रयोग केले. पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की त्यांच्यावर बुडबुडे येतात, हे बोने नावाच्या स्विस निसर्गतज्ज्ञाने त्याआधी पंचवीस वर्षं पाहिलं होतं, पण तो म्हणाला की ही पाण्यातलीच हवा आहे. इंगेनहाउझने ते बुडबुडे गोळा करून तपासले. तो शुद्ध प्राणवायू होता. मग ही उन्हाची ऊब की उन्हाचा उजेड? त्याने काही पानं उन्हात ठेवली आणि काही चुलीजवळ, तितक्याच उबेत. चुलीजवळच्या पानांची हवा वाईट निघाली. म्हणजे उजेडच. आणि तोही फक्त हिरव्या भागांवर: पानं आणि कोवळ्या हिरव्या देठांवर. मुळं, फुलं, फळं हवा बिघडवतात, दिवसाही. आणि रात्री तर हिरवी पानंसुद्धा.

प्रीस्टलेच्या पुदिन्याने लहर बदलली नव्हती. उजेड बदलला होता.

बोनेचा प्रयोग मी गॅलरीत करून पाहिला. दोन पेले, दोन्हींत पालकाची पानं, एका पेल्याला काळं फडकं गुंडाळलेलं, दोन्ही उन्हात. उघड्या पेल्यात पानांवर बारीक मोती चढले, फडक्यातल्या पेल्यात जवळजवळ काहीच नाही. पाणी उकळून गार करून घेतलं तर उघड्या पेल्यातही मोती येत नाहीत. हे बोनेलाही दिसलं होतं. त्याचं खरं कारण जिनिव्हाच्याच सेनेबिएने १७८२ मध्ये दाखवलं: पानाला पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि उकळल्यावर तो उडून जातो.

राहिला तो हिरवा रंग. पॅरिसच्या पेलतिए आणि काव्हांतू या औषधशास्त्र्यांनी १८१७-१८ च्या सुमाराला तो वेगळा काढून त्याला 'क्लोरोफिल' हे नाव दिलं. (याच दोघांनी पुढे १८२० मध्ये क्विनीन काढलं, म्हणजे हिवतापवाल्या आपल्या देशावर त्यांचे उपकार दुहेरी.) पण तो एकच रंग नसतो, हे दाखवलं मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतीशास्त्रज्ञाने, १९०३ मध्ये वॉर्सात. पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून सोडला की हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळे होतात. रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजे रंग! असं आडनाव मागूनही मिळत नाही.

घरी लाल माठ असेल तर गंमत पाहा. भाजी पाण्यात उकळा. लाल रंग पाण्यात उतरतो आणि उरलेली पानं हिरवट दिसू लागतात. लाल पाण्यात विरघळतो, हिरवा नाही, तो निघतो स्पिरिटमध्ये. म्हणजे लाल माठही आतून हिरवाच, आणि हवेचं काम तो हिरवाच करतो.

आता नातेवाईक मंडळींसाठी खास. आपल्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक निरोप फिरतो की तुळस चोवीस तास प्राणवायू देते, म्हणून झोपायच्या खोलीत ठेवा. नाही हो. दिवे मालवल्यावर तुळसही आपल्यासारखीच प्राणवायू घेते, हे १७७९ पासून माहीत आहे. उलट 'झाडाशेजारी झोपलात तर गुदमराल' हेही खोटं, कारण कुंडीभर तुळशीपेक्षा शेजारी घोरणारे काका कितीतरी जास्त हवा बिघडवतात. तेव्हा तुळस खुशाल ठेवा, फक्त दिवसा खिडकीत.