प्रोटीनची पुडी आणि घरची डाळ

माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या डब्यात हल्ली प्रोटीन बार असतो. एका बारच्या पैशात घरात पाव किलो तूरडाळ येते. पालकांना वाटतं, आजच्या काळात हे हवंच. पण प्रोटीनच्या पुडीचा हा आग्रह आजचा नाही.

1933 साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी लहान मुलांच्या अंगावर सूज आणणाऱ्या एका आजाराचं वर्णन केलं. पुढे त्यांनी त्याला तिथल्या गा भाषेतलंच नाव दिलं, क्वाशिओरकर. धाकटं भावंडं आल्यावर आईच्या दुधावरून बाजूला झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ सांगतात. भाषा शिकवणारा माणूस म्हणून मला हे नाव फार बोलकं वाटतं. त्यात घरची सगळी परिस्थिती आहे. जगाने मात्र त्यातून एकच गोष्ट उचलली: प्रोटीन कमी पडतं.

मग उपायही तसेच निघाले. 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेत प्रोटीन सल्लागार गट स्थापन झाला. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेने तीन भाग शेंगदाण्याचं पीठ आणि एक भाग चण्याचं पीठ, वर जीवनसत्त्वं, असं 'मल्टिपर्पज फूड' तयार केलं. वाईट नव्हतं ते. पण दाणे आणि चणे आपल्या घरात आधीपासून होतेच की!

हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी पाहिलं, की सुजलेल्या मुलांचा आणि नुसत्या हाडकुळ्या मुलांचा आहार जवळपास सारखाच होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे रोमच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. त्यांनी आकडे मांडून सांगितलं, की भाकरी-डाळीचं नेहमीचं जेवण पोटभर मिळालं तर बहुतेकांना प्रोटीन पुरतं. खरी उणीव एकूण अन्नाची आहे. अन्न कमी पडलं की शरीर प्रोटीनही इंधन म्हणून जाळतं. 1974 मध्ये डोनाल्ड मॅकलॅरन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या सगळ्या प्रकरणाला प्रोटीनचा मोठा फजितवडाच म्हटलं.

अर्थात ताटात नुसता भात किंवा कंद असेल, डाळच नसेल, तर हा हिशोब लागू होत नाही. प्रवासात, परीक्षेच्या दिवशी बार खिशात असला तर माझी हरकत नाही. आमच्या घरी त्या वेळी फुटाणे असतात, आणि रात्री दालचा-भात.