आरंभिक साक्षरतेत पालकांचे कार्यक्षेत्र

प्रस्तुत विवेचनात तीन संज्ञा वारंवार येतील. त्यांचा अर्थ प्रथम निश्चित केला पाहिजे. ‘आरंभिक साक्षरता’ म्हणजे साधारण तिसऱ्या वर्षापासून इयत्ता तिसरीच्या अखेरीपर्यंत मुलाने संपादन करावयाची लिखित भाषेची क्षमता : लिपी ओळखणे, मजकूर अर्थासह वाचणे आणि स्वतःचे म्हणणे लिहिणे. ‘पालक’ म्हणजे मुलाचा सांभाळ करणारी व त्याच्याशी घरात रोज बोलणारी व्यक्ती. आजी-आजोबा, आत्या, काका हे सर्व या व्याख्येत येतात. ‘सहभाग’ म्हणजे मुलाच्या वाचन-लेखनावर परिणाम घडविणारी पालकाची कृती. पालकसभेतील उपस्थिती या व्याख्येत बसते किंवा नाही, हे गृहीत न धरता तपासावे लागेल.

पालकांनी काय करावे हे ठरविण्यापूर्वी वाचन ही क्रिया कोणत्या घटकांची बनते हे पाहणे क्रमप्राप्त आहे. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार वाचनातील आकलन हा दोन घटकांचा गुणाकार आहे. पहिला घटक लिपीची उकल, म्हणजे अक्षरांवरून उच्चारापर्यंत पोहोचणे. दुसरा घटक भाषेचे आकलन, म्हणजे तोच मजकूर ऐकला असता समजणे. ही बेरीज नसून गुणाकार आहे, या म्हणण्याला महत्त्व आहे. बेरजेत एका घटकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. गुणाकारात एक घटक शून्य झाला की फलही शून्य होते. धडा अस्खलित वाचून दाखविणारे, पण धड्यात काय घडले हे सांगू न शकणारे मूल प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे असते. त्याचा पहिला घटक पूर्ण असतो, दुसरा दुर्बल.

आता हे दोन घटक कोठे घडतात, हा प्रश्न उपस्थित होतो. देवनागरीची उकल हे क्रमबद्ध अध्यापनाचे काम आहे. चौतीस व्यंजनांची बाराखडीच चारशेहून अधिक अक्षररूपे देते, जोडाक्षरे त्याखेरीज. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. रफाराचा उच्चार आधी होतो, परंतु त्याचे चिन्ह पुढील अक्षराच्या डोक्यावर बसते. कोणती अक्षरे आधी घ्यावीत, कोणती एकमेकांपासून दूर ठेवावीत, चूक कशामुळे झाली, हे जाणण्यास प्रशिक्षण लागते. म्हणून हा घटक मुख्यतः शाळेचा. भाषेचे आकलन मात्र संभाषणातून वाढते : शब्दसंग्रह, घटनांचा क्रम, कार्यकारणभाव, दुसऱ्याच्या मनातील हेतू. हे संभाषण शाळेत येण्यापूर्वीच सुरू झालेले असते आणि शाळा सुटल्यावरही चालू राहते. म्हणून या घटकात घराचा वाटा मोठा. मोनिक सेनेशाल आणि जो-अॅन लफेव्हर यांनी कॅनडातील मुलांचा पाच वर्षे अभ्यास करून २००२ साली मांडलेले निष्कर्ष याच दिशेचे आहेत : गोष्टींच्या पुस्तकांच्या सहवाचनाचा संबंध मुलांच्या भाषिक आकलनाशी दिसला, तर पालकांनी अक्षरे शिकविण्याचा संबंध आरंभिक वाचनकौशल्यांशी. घरातील या दोन कृती परस्परांपासून स्वतंत्र ठरल्या. ती कुटुंबे मध्यमवर्गीय होती, हे भान ठेवूनच तो निष्कर्ष येथे घ्यावयाचा.

यातून एक उपसिद्धान्त निष्पन्न होतो आणि तोच या विवेचनाचा केंद्रबिंदू आहे. दुसऱ्या घटकासाठी पालकाने साक्षर असणे आवश्यक नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील स्त्री-साक्षरता ७५.८७ टक्के होती. म्हणजे सात वर्षांवरील सुमारे चौथा हिस्सा स्त्रिया निरक्षर होत्या. ‘आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?’ असे म्हणून जी आई मागे सरते, तिच्याजवळ गुणाकाराचा एक घटक असतो. तो तिला दाखवून देणे हे शाळेचे पहिले कर्तव्य आहे.

सहभागाचे तीन प्रकार संभवतात : (१) व्यवस्थापनपर, (२) माहितीपर, (३) अध्ययनपर. पहिल्या दोहोंची तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कलम २४ नुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती व प्रगती त्यांना सांगावयाची असते. हे दोन्ही प्रकार इष्ट आहेत, परंतु आरंभी दिलेल्या व्याख्येनुसार ते साक्षरतेतील सहभागाची पूर्वतयारी होत; तो सहभाग नव्हेत. सभेच्या इतिवृत्तावर शंभर सह्या झाल्या तरी घरातील संभाषणात एका वाक्याची भर पडेलच असे नाही.

तिसऱ्या प्रकारात शाळांकडून होणारा नेहमीचा दोष असा, की त्या पालकांकडे पहिल्या घटकाची मागणी करतात : बाराखडी घोटून घ्या, गृहपाठ तपासा, शुद्धलेखन पाहा. निरक्षर पालक तेथेच बाहेर पडतो. अल्पशिक्षित पालक खासगी शिकवणी लावतो.

योग्य मागणी अवस्थेनुसार बदलते. पहिली अवस्था शाळाप्रवेशापूर्वीची. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात वस्तीवरील मातांचे गट करून घरी करावयाच्या कृतींची कार्डे देण्यात आली. या रचनेचा गुण तिच्या स्थानात आहे : माता शाळेत येण्याऐवजी गट घराशेजारी भरतो आणि रोजगार न बुडविता जमता येते. भाकरी थापताना, भाजी निवडताना, गुरे वळविताना मुलाशी काय बोलावे, एवढेच येथे अपेक्षित असते. हात चालू असताना बोलणे शक्य असते, म्हणून वेळेचा आक्षेप बराचसा निरस्त होतो.

दुसरी अवस्था इयत्ता पहिलीची, आणि ती सर्वांत नाजूक. येथे घरची भाषा व पुस्तकाची भाषा यांतील अंतर प्रकट होते. वारली, भिली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचा दुसरा घटक त्याच्या भाषेत समृद्ध असतो, पण प्रमाण मराठीच्या धड्यात तो उपयोगी पडत नाही. मूल मंद ठरते. यावर शाळेजवळ उपाय आहे. आजीने घरी सांगितलेली गोष्ट मुलाने वर्गात सांगावी, शिक्षकाने ती मुलाच्याच शब्दांत मोठ्या कागदावर देवनागरीत उतरवावी, वर्गाने ती वाचावी आणि कागद घरी जावा. अर्थ आधीच ज्ञात असल्याने मुलाची सर्व शक्ती उकलीवर केंद्रित होते. आजीला वाचता येत नसले तरी वाचलेले चुकले तर ती थांबवू शकते, कारण गोष्ट तिची आहे. शिक्षकाला ती भाषा येत नसेल तर गावातील पालकालाच वर्गात बसवून घ्यावे. सहभागाचे याहून सार्थ रूप क्वचितच आढळेल.

तिसरी अवस्था इयत्ता दुसरी-तिसरीची. येथे वर्गातील पुस्तके घरी देणे अपरिहार्य आहे, फाटतील या भीतीने ती कपाटात ठेवणे अयोग्य. मुलाने मोठ्याने वाचावे, पालकाने ऐकावे आणि तीन प्रश्न विचारावेत : पुढे काय झाले, असे का झाले, तू काय केले असतेस. या प्रश्नांना अक्षरज्ञान लागत नाही.

स्थलांतरित कुटुंबांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मूल आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिले, तर व्याख्येनुसार ‘पालक’ बदलतो. कुटुंब निघण्यापूर्वीच शाळेने तो कोण असेल हे नोंदवून त्याच व्यक्तीशी बोलले पाहिजे. मूल फडावर गेले तर पाचटाच्या कोपीत गृहपाठ होणार नाही. पण दोन-तीन गोष्टींची पुस्तके सामानात जाऊ शकतात, आणि मूल परतल्यावर शिक्षकाला पहिल्या दिवशी अक्षरांची परीक्षा घेण्याआधी तिकडे काय पाहिले ते विचारून, ते फळ्यावर लिहून, तेथून वाचन पुन्हा सुरू करता येते.